जीर्ण मोटार पुन्हा उभी करावी की नाही, हे कसे ठरवावे

अनेक वर्षे एका जागी उभी असलेली मोटार पाहायला गेलेला माणूस बहुधा आधी बोनेट उघडतो. इंजिन फिरते का, चावी दिल्यावर काही हालचाल होते का, हे तो पाहतो, आणि ते फिरले तर निम्मे काम झाले असे त्याला वाटते. मीही पूर्वी असेच करत असे. एका गाडीचे इंजिन थोड्या खटपटीनंतर सुरू झाले, म्हणून मी तिच्यात मन गुंतवले. पुढे आतले गालिचे उचलले, तेव्हा चालकाच्या पायाखाली पत्र्याऐवजी गंजाचा भुगा आणि त्यावर चिकटवलेले कापड एवढेच उरले होते. तेव्हापासून मी तपासणीचा क्रम उलटा ठेवतो. आधी कागद, मग सांगाडा, मग गाडीत काय नाही याची यादी, आणि इंजिन शेवटी. इंजिन बाहेर काढून टेबलावर ठेवता येते, दुसरे मिळवता येते. सांगाडा मात्र स्वतःच गाडी असतो.

कागदांबाबत थोडक्यात सांगतो. चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, कोरलेला क्रमांक, इंजिनावरचा क्रमांक आणि मालकीच्या कागदांवरचे क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहावेत. १९८१ पासून अमेरिकेत १७ अक्षरांचा वाहन ओळख क्रमांक बंधनकारक झाला आणि पुढे तीच पद्धत जगभर रुळली. त्यात आय, ओ आणि क्यू ही रोमन अक्षरे एक आणि शून्य या अंकांशी गल्लत होऊ नये म्हणून वापरली जात नाहीत. ती दिसली तर तो क्रमांक चुकीचा उतरवलेला आहे किंवा बनावट आहे. त्याआधीच्या गाड्यांचे क्रमांक प्रत्येक कारखान्याच्या स्वतःच्या पद्धतीचे असतात. क्रमांकाची पट्टी पुन्हा रिव्हेट केल्यासारखी दिसत असेल किंवा आसपासचा पत्रा घासलेला असेल, तर बाकीची तपासणी करण्याआधीच थांबावे. मालकी सिद्ध होत नसलेल्या गाडीवर केलेला खर्च कुणाच्या तरी दुसऱ्याच्या मालमत्तेवर केलेला खर्च ठरू शकतो.

गंज कुठे आणि कसा पाहावा

गाडी रंगीत दिसते तिथे ती सहसा ठीक असते. प्रश्न असतो तो पाणी कुठे मुरले याचा. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जास्त जागा व्यापतो. म्हणून दोन पत्रे एकमेकांवर ठेवून वेल्ड केलेले असतात तिथे फटीत शिरलेले पाणी आतून गंज वाढवते आणि तो गंज त्या दोन पत्र्यांना पाचरीसारखा फाकवतो. जोडावर रंगाला फुगवटा दिसू लागतो तेव्हा आतले काम बरेच आधी सुरू झालेले असते. गाडीचे पोकळ भागही असेच आतून बाहेर कुजतात. दाराखालचा उंबरा, म्हणजे सिल, चाकांवरच्या कमानी आणि गाडीच्या जमिनीखालच्या, म्हणजे पाय ठेवायच्या पत्र्याखालच्या, आडव्या तुळया आतून पोकळ असतात, आणि त्यांना खाली पाणी निघून जाण्यासाठी लहान भोके ठेवलेली असतात. ती मातीने बुजली की पावसाचे पाणी तिथेच साचून राहते. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात अशा प्रदेशातली किंवा समुद्रालगत राहिलेली गाडी असेल तर हीच प्रक्रिया कितीतरी वेगाने होते.

यापुढची परीक्षा गाडीची बांधणी कोणती आहे यावर अवलंबून आहे. जुन्या पद्धतीत मजबूत चासी वेगळी आणि तिच्यावर बोल्टने बसवलेली बॉडी वेगळी असे. अशा गाडीत बॉडीचा पत्रा कितीही कुजलेला असला तरी चासी धड असेल तर पाया शाबूत आहे असे म्हणता येते. मोनोकॉक बांधणीत, जी लान्चिया लँब्डाने १९२२ मध्ये आणि सित्रोएनच्या ट्रॅक्सिओं अवांने १९३४ मध्ये रस्त्यावर आणली आणि जी आज बहुतेक मोटारींत असते, वेगळी चासी नसते. जमीन, उंबरे, खांब आणि छत मिळूनच भार पेलतात. इथे उंबरा गेला म्हणजे शोभेची पट्टी नव्हे, तर घराची तुळई गेली असे समजावे. उघड्या टपाच्या गाडीत छताचा आधार नसल्यामुळे सगळा भार उंबऱ्यांवरच येतो, त्यामुळे तिच्याबाबत दुप्पट कठोर राहावे.

तपासणीसाठी महागडी साधने लागत नाहीत. एक चांगली विजेरी (टॉर्च), कपड्यात गुंडाळलेले लहान चुंबक, स्क्रूड्रायव्हर, आरसा, गुडघ्याखाली घ्यायला जुनी चादर आणि दोन तास एवढे पुरे. चुंबक पत्र्यावर हळूहळू सरकवावे. जिथे त्याची पकड ढिली पडते तिथे पत्र्याच्या जागी पुट्टी भरलेली आहे. रंगाची जाडी मोजणारे यंत्र मिळाले तर अधिक उत्तम. कारखान्यातला मूळ रंग साधारणतः १०० ते १५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असतो, दुसऱ्यांदा रंगवलेल्या भागात तो दुप्पट भरतो आणि हजारच्या पुढे आकडा गेला की खाली पुट्टीचा थर आहे हे जवळपास निश्चित. ॲल्युमिनियमच्या बॉडीवर चुंबक निरुपयोगी आहे, आणि तिथे ॲल्युमिनियम व पोलाद जिथे एकमेकांना चिकटतात ती जागा पाहावी, कारण ओलावा मिळाला की या दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया होऊन ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखे झडते.

त्यानंतर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पत्रा ठोकत जावे. धड पत्रा टणक वाजतो, कुजलेला बद्द वाजतो. मालकाची परवानगी असेल तर संशयित जागी स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. मोटारीचा बाहेरचा पत्रा जेमतेम पाऊण ते एक मिलिमीटर जाडीचा असतो, त्यामुळे टोक आत गेले तर तिथे काहीच शिल्लक नव्हते हे मालकालाही कळते. विशेष लक्ष पुढील जागांकडे द्यावे: उंबऱ्याची खालची कड, पुढच्या दाराच्या बिजागरीचा खांब जिथे उंबऱ्याला मिळतो तो कोपरा, गालिच्याखालची जमीन, डिकीतला स्टेपनीचा खळगा, पुढच्या काचेच्या चौकटीची खालची बाजू, आणि बॅटरी ठेवण्याचा ट्रे, जिथे सांडलेल्या आम्लाने पत्रा चाळणीसारखा होतो. या सगळ्यांहून महत्त्वाची जागा म्हणजे सस्पेन्शन, म्हणजे चाके आणि गाडी यांच्यामधली स्प्रिंगांची जुळणी, आणि स्टिअरिंग ज्या ठिकाणी सांगाड्याला बोल्टने जोडलेले असते ते बिंदू. तिथला गंज म्हणजे गाडी चालताना चाक सुटण्याची शक्यता, आणि तिथे वरून ठिगळ लावणे हा उपाय नव्हे.

ठिगळांबाबत एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते, कारण इथेच सर्वाधिक फसगत होते. मोनोकॉक गाडीच्या उंबऱ्यात पुष्कळदा तीन थर असतात: बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि त्यांच्या मधला बळकटीचा पत्रा. घाईने विकायला काढलेल्या गाडीत बाहेरच्या कुजलेल्या पत्र्यावरच एक नवा पत्रा चढवून, कडांना पुट्टी लावून, वर जाड काळा लेप मारलेला असतो. बाहेरून तो उंबरा नवा दिसतो. प्रत्यक्षात आतले दोन्ही थर गेलेले असतात आणि नवा पत्रा ज्याला वेल्ड केला तोही जुना गंजच असतो. ताजा, एकसारखा, नुकताच मारलेला काळा लेप जुन्या गाडीच्या पोटाखाली दिसला तर त्याचे समाधान मानू नये, त्याच्या खाली काय आहे हे विचारावे. आतला भाग पाहण्यासाठी गालिचा उचलून उंबऱ्याची आतली बाजू बघावी, किंवा रबरी बूच काढून मोबाईलला जोडता येणारा लहान कॅमेरा आत सोडावा.

एक परीक्षा मला सर्वांत बोलकी वाटते. चारही चाके जमिनीवर असताना सर्व दारे उघडून-मिटून पाहावीत आणि दारांभोवतीच्या फटी वरपासून खालपर्यंत समान आहेत का ते लक्षात ठेवावे. मग गाडीचा पुढचा एक कोपरा जॅकने थोडा उचलून त्याच बाजूचे दार पुन्हा उघडावे. सांगाडा धड असेल तर दार पूर्वीसारखेच मिटते. दार अडकू लागले, किंवा फट वरच्या बाजूला बुजून खाली रुंद झाली, तर सांगाडा वाकतो आहे. हे करताना गाडीखाली कुणीही जाऊ नये. गंजलेल्या गाडीचा जॅक लावण्याचा बिंदूच आधी आत जातो, आणि केवळ जॅकवर उभ्या गाडीखाली शिरणे जिवावर बेतते. खालून पाहायचेच असेल तर सपाट, पक्क्या जमिनीवर, ॲक्सलखाली किंवा धड तुळईखाली पक्के स्टँड लावून, उरलेल्या चाकांना अडसर घालूनच पाहावे.

जे मोडले आहे त्यापेक्षा जे नाही ते महाग

सांगाड्यानंतर पाहायचे ते हरवलेले भाग. लोकप्रिय मॉडेलच्या इंजिनाचे, ब्रेकचे, क्लचचे भाग दशकानुदशके बनत राहतात. पण मागच्या दिव्याची विशिष्ट काच, खिडकीभोवतीची चकचकीत पट्टी, डॅशबोर्डवरचे घड्याळ, आसनांचे मूळ कापड, एका वर्षापुरतेच वापरलेले दाराचे हँडल, अशा वस्तू सहसा कुणी पुन्हा बनवत नाही. एखादी गाडी कितीही गंजलेली असली तरी तिचे सर्व तुकडे तिच्याबरोबर असतील तर काम पुढे सरकते. रंगरूप बरे असलेली पण कुणीतरी अर्धवट उघडून डब्यांत भरून ठेवलेली गाडी मात्र अनेकदा अधिक अवघड असते. अशा डब्यांत काय आहे यापेक्षा काय नाही हे शोधावे लागते. त्यासाठी त्या मॉडेलच्या सुट्या भागांची पुस्तिका मिळवून तिच्यातल्या आकृत्यांवर एकेक भाग खूण करत जाणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

क्रोमच्या भागांना हात लावून पाहावे. पोलादी बंपरावरचा क्रोम उडाला असेल तर तो काढून, घासून, पुन्हा मुलामा देता येतो. जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेल्या भागांवर, उदाहरणार्थ दाराच्या मुठी किंवा नक्षीदार चिन्हे, बारीक फोड आले असतील तर तो आजार धातूच्या आत असतो आणि खड्डे भरून पुन्हा मुलामा देण्याचे काम वेळखाऊ व खर्चिक होते.

इंजिन

इंजिन फिरत नाही म्हणून हताश होऊ नये, आणि ते फिरते का हे पाहण्यासाठी चावी तर मुळीच मारू नये. वर्षानुवर्षे बंद असलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजाने धरून बसलेल्या असू शकतात आणि स्टार्टरच्या झटक्याने त्या तुटतात. सर्व प्लग काढावेत, प्रत्येक सिलिंडरमध्ये गंज सोडवणारे तेल सोडावे आणि काही दिवस वाट पाहावी. पुष्कळ कारागीर ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल समप्रमाणात मिसळून वापरतात. ते ज्वालाग्राही असते, म्हणून जवळ आग आणि ठिणगी नसावी. मग क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, पुढच्या बोल्टवर पाना लावून हाताने, पुढे-मागे, थोडे थोडे हलवावे. फिरले तर प्लग काढलेले असतानाच, नवे तेल घालून, ते काही वेळा पूर्ण फिरवावे आणि त्यानंतरच कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजावे.

कॉम्प्रेशनमध्ये एकूण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक अधिक सांगून जातो. सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट सिलिंडरमध्ये १० ते १५ टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर कमी भरलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन तेल घालून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीचा, आहे. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेटकडे पाहावे. तेल दुधाळ दिसत असेल तर त्यात पाणी गेले आहे. थंड प्रदेशातल्या गाडीत शीतक न घालता साधे पाणी ठेवले असेल तर ते गोठून ब्लॉकला चीर गेलेली असू शकते, म्हणून ब्लॉकच्या बाहेरच्या भिंती उजेडात नीट न्याहाळाव्यात. चिरलेला ब्लॉक सोडला तर यातले जवळपास सर्व दोष ओव्हरहॉलने दुरुस्त होतात. म्हणूनच निर्णयाच्या तराजूत मी इंजिनाला सांगाड्याइतके वजन देत नाही.

बाकीच्या यंत्रणांबाबत तपासण्यासारखे फारसे नाही, कारण त्या बदलायच्याच आहेत असे धरून चालावे. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते आणि मास्टर सिलिंडर आतून गंजवते. रबरी सील, नळ्या, इंधनाच्या रबरी पाइपलाइन, पट्टे आणि होज खर्चात धरावेत. टायर खोलवर खाचांचे दिसले तरी त्यांच्या कडेवरचा कोड वाचावा. २००० पासूनच्या टायरांवर त्याचे शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात, म्हणजे २३१४ याचा अर्थ २०१४ चा तेविसावा आठवडा. तिथे तीनच अंक असतील तर तो टायर त्याआधीचा आहे आणि त्यावर गाडी रस्त्यावर नेऊ नये. वायरिंगचे आवरण वाकवल्यावर तडकत असेल किंवा उंदरांनी कुरतडले असेल तर ठिकठिकाणी जोड देत न बसता पूर्ण नवी जुळणी धरावी. जुन्या गाड्यांना आग लागण्याचे ते एक मोठे कारण आहे.

तपासणी करणाऱ्याच्या प्रकृतीसाठी तीन सूचना. जुन्या ब्रेक आणि क्लचच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून तिथली धूळ हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या रंगात आणि बॉडीच्या जोडांत शिसे असू शकते, ते कोरडे घासू नये. रिकामी दिसणारी पेट्रोलची टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे स्फोटक मिश्रण असते. तिच्याजवळ वेल्डिंग करू नये.

हिशेब आणि हेतू

आता कागद घेऊन बसावे. एका स्तंभात बाहेरून करून घ्यायची कामे, दुसऱ्यात विकत घ्यायचे भाग, तिसऱ्यात स्वतःचे तास लिहावेत. पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराला गाडी प्रत्यक्ष दाखवून अंदाज घ्यावा, फोटोवरून घेऊ नये, आणि त्याने सांगितलेल्या आकड्यात भर धरावी. त्याचा अंदाज अप्रामाणिक असतो म्हणून नव्हे. रंग आणि पुट्टी उतरवल्याशिवाय खालचा पत्रा कुणालाच दिसत नाही म्हणून. शेजारी त्याच मॉडेलची, धड स्थितीतली, चालती गाडी किती किमतीला मिळते ते लिहावे. बहुतांश सामान्य मोटारींच्या बाबतीत पूर्ण पुनर्बांधणीचा खर्च या दुसऱ्या आकड्याला सहज ओलांडतो. पैशाच्या दृष्टीने तो आतबट्ट्याचा व्यवहार आहे हे आधीच मान्य केलेले बरे.

हौसेला मोल नसते हे खरे, पण हौस कशाची आहे हे स्वतःला स्पष्ट विचारावे. तुम्हाला ते मॉडेल चालवायचे असेल तर त्यातली सर्वांत चांगली मिळेल ती गाडी घ्यावी आणि ही सोडून द्यावी. तुम्हाला वेल्डिंग, जुळणी, शोध या कामाचाच आनंद हवा असेल तर वाईट गाडीही योग्य ठरते, मात्र सांगाड्याचे बिंदू धड असावेत आणि काम करायला कोरडी, बंदिस्त जागा वर्षानुवर्षे हाताशी असावी. आणि ही गाडी वडिलांची, आजीची असेल, किंवा तिच्याशी आयुष्याचा एखादा काळ जोडलेला असेल, तर दुसरी चांगली गाडी तिची जागा घेऊ शकत नाही. अशा वेळी जास्त खर्च करण्यात मला काहीही गैर वाटत नाही. फक्त ती रक्कम गाडीची किंमत म्हणून नव्हे, तर त्या आठवणीसाठी दिलेली म्हणून मनाशी लिहून ठेवावी, म्हणजे पुढे पश्चात्ताप होत नाही.

सर्व काही नवे करणे किंवा भंगारात देणे, एवढे दोनच पर्याय नसतात हेही विसरू नये. जुन्या वाहनांसाठी १९६६ मध्ये स्थापन झालेली फिवा ही आंतरराष्ट्रीय संघटना तिच्या ट्यूरिन सनदेत जतन, संवर्धन आणि पुनर्स्थापन यांत भेद करते आणि मूळ द्रव्य शक्य तितके राखण्यावर भर देते. कारखान्यातून आलेला रंग एकदाच असतो. तो विटका असला तरी खालचा पत्रा धड असेल तर ब्रेक, इंधन, वायरिंग आणि टायर सुरक्षित करून गाडी आहे त्या रूपात चालवणे हा अनेकदा सर्वांत शहाणा आणि सर्वांत स्वस्त मार्ग असतो. आणि जिथे पत्राच उरलेला नाही तिथेही घाई नसावी. इटली आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या लागो माज्जोरे सरोवराच्या तळाशी कित्येक दशके पडून राहिलेली १९२५ ची बुगाटी ब्रेशिया २००९ मध्ये बाहेर काढली गेली आणि २०१० मध्ये पॅरिसच्या लिलावात विकली गेली. ती नव्याने घडवली असती तर जवळपास सगळीच नवी गाडी झाली असती. घेणाऱ्या संग्राहकाने ती गंजलेल्या अवस्थेतच संग्रहालयात मांडली. सामान्य गाडीला ते भाग्य लाभत नाही, पण किती भाग बदलल्यावर ही तीच गाडी राहील, हा प्रश्न प्रत्येक जीर्ण गाडीबाबत विचारण्यासारखा आहे. माझा स्वतःचा निकष असा आहे: चासी किंवा मोनोकॉकचे सस्पेन्शनचे बिंदू, दोन्ही उंबरे आणि जमीन या तिन्हींपैकी दोन गोष्टी पूर्ण नव्या कराव्या लागत असतील आणि गाडी दुर्मीळ किंवा घरची नसेल, तर ती दुसऱ्या एखाद्या गाडीला सुटे भाग देण्यासाठी ठेवावी.

निर्णय आज घेता येत नसेल तर तो पुढे ढकलावा, पण गाडी आहे तशी सोडू नये, कारण न केलेल्या निर्णयाच्या काळातही गंज वाढतच असतो. ओले गालिचे आणि आसनाखालचे फोम बाहेर काढावेत, उंबऱ्यांची व दारांची पाणी निघण्याची भोके तारेने मोकळी करावीत, बॅटरी काढावी, जुने पेट्रोल उपसून टाकावे आणि सिलिंडरमध्ये तेल सोडून प्लग परत बसवावेत. प्लास्टिकचा कागद पांघरू नये. त्याखाली वाफ धरून ओल वाढते. हवा खेळती राहील असे सुती किंवा श्वास घेणारे आवरण वापरावे, गाडी मातीवर न ठेवता फरशीवर किंवा फळ्यांवर ठेवावी, आणि दर दोन-तीन महिन्यांनी क्रँक हाताने अर्धा फेरा फिरवून, त्याच वेळी विजेरीच्या उजेडात उंबरे पुन्हा एकदा पाहून घ्यावेत.